ड्रोनवरचा कण मोजणारा सेन्सर किनाऱ्यावर उलटसुलट आकडे देतो, तेव्हा आधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी एप्रिलमध्ये गुहागरच्या पुळणीवर ड्रोनला छोटा ऑप्टिकल पार्टिकल काउंटर बांधून उड्डाणं केली. सकाळी सातला पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकडा जमिनीवर घनमीटरमागे ६२ मायक्रोग्रॅम आणि १०० मीटरवर ३४ आला. दुपारी दीडला उलटं झालं: जमिनीवर २५, वर ३०. शिवाय वर जाताना एक आकडा आणि खाली येताना त्याच उंचीवर दुसराच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र तोच सेन्सर व्यवस्थित चालतो. तर सेन्सर बिघडलाय का, आणि बदलायचा झाला तर महागातला कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

नवा सेन्सर अजून घेऊ नका. अशी छोटी यंत्रं मी पंधरा वर्षं हाताळते आहे आणि त्यातला बराचसा काळ दापोली ते वेंगुर्ला या पट्ट्यात गेलाय. तुमचे आकडे वाचून सेन्सर बिघडल्याची शंका मला सगळ्यात शेवटी आली. तुमच्याकडे चार गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: सेन्सर, त्याच्या तोंडाची नळी, ड्रोनची पाती आणि कोकणातली दमट हवा. आकडा यांपैकी कोणी हलवला हे सुटं करून दाखवणारी एकही चाचणी तुमच्या वर्णनात नाही. प्रयोगशाळेत तुम्ही पहिली गोष्ट तेवढी तपासली, तीही पंख्याखालच्या कोरड्या खोलीत. किनाऱ्यावर बाकीच्या तिन्ही एकदम आल्या. दुसरा सेन्सर आणलात तरी तो याच तिघांच्या हाती सापडेल.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण कोकणात निम्म्याहून जास्त घोळ तिथेच असतो.

तुमचा सेन्सर कणाचं वजन करत नाही. लेसरच्या झोतातून कण गेला की प्रकाश विखुरतो, त्या चमकेच्या तीव्रतेवरून सेन्सर कणाचा आकार ठरवतो, आणि मग घनता व अपवर्तनांक (कण प्रकाश किती वळवतो तो आकडा) गृहीत धरून त्याचे मायक्रोग्रॅम करतो. आता समुद्रावरून आलेला मिठाचा कण घ्या. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलं पाणी ओढून थेंब होतो. ८० टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्या कणाच्या पावणेदोन पट होतो, म्हणजे आकारमान पाचपटीच्या वर जातं. ९० टक्क्यांना व्यास सव्वादोन पटीच्या आसपास आणि आकारमान जवळजवळ अकरा पट. मीठ तेवढंच आहे, वाढलं ते पाणी, पण सेन्सरला दिसतो तो फुगलेला थेंब. फिल्टरवर कण गोळा करून वजन करण्याच्या पद्धतीत फिल्टर आधी कोरड्या हवेत ठेवतात, अमेरिकेच्या प्रमाण पद्धतीत ३० ते ४० टक्के आर्द्रतेत. तिथलं वजन आणि तुमच्या सेन्सरचा आकडा एकच असावा ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते.

हे तुमच्या दुपारच्या आकड्यांना लावून बघा. दुपारी खारे वारे सुटलेले असतात आणि खालची हवा चांगली घुसळलेली असते. अशा हवेत १०० मीटर वर गेलं की तापमान जवळपास एका अंशाने उतरतं आणि सापेक्ष आर्द्रता साडेतीन-चार टक्क्यांनी चढते. जमिनीवर ७६ टक्के असेल तर वर ८० टक्के. मिठाच्या कणाचं आकारमान तेवढ्यानेच सुमारे वीस टक्क्यांनी वाढतं. तुमचे आकडे २५ आणि ३०, म्हणजे फरक वीस टक्क्यांचाच. घनमीटरमागे एकही कण वाढलेला नसताना हा फरक दिसू शकतो. तुमच्या बाबतीत हेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तुम्ही आर्द्रता कळवलेली नाही, आणि कण मिठाऐवजी धुराचे असतील तर ते बरेच कमी फुगतात, तेव्हा हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास राहील. पण हा हिशेब न करता ‘वर प्रदूषण जास्त आहे’ असं प्रकल्पाच्या अहवालात लिहू नका.

सकाळचं गणित वेगळं आहे आणि तिथे मला जास्त सावध राहावंसं वाटतं. पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, आणि एप्रिल म्हणजे भाजावळीचे, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचे दिवस. वाडीवाडीतून राब भाजल्याचा धूर त्या बसलेल्या थरात कोंडून राहतो. त्यामुळे जमिनीवर खरोखरच जास्त कण असणं अगदी शक्य आहे. त्याच थरात आर्द्रताही नव्वदीच्या वर असते, तेव्हा फुगवटाही तिथेच सर्वाधिक. ६२ मधले किती धुराचे आणि किती पाण्याचे, हे एका सेन्सरच्या एका आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

यात आणखी एक बारकावा आहे जो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सेन्सर स्वतः तापतो, वर उन्हात बंद डबीत बसलेला असतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असताना डबीतली हवा ३६ अंशांवर गेली तर तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे कण वाटेत थोडा सुकतो. पण पूर्ण सुकत नाही, कारण एकदा थेंब झालेलं मीठ ७५ टक्क्यांना परत स्फटिक होत नाही. शुद्ध मिठाचा थेंब साधारण ४५ टक्क्यांपर्यंत थेंबच राहतो. त्यामुळे सावलीत उडवलेला आणि उन्हात उडवलेला सेन्सर त्याच हवेत वेगळे आकडे देतो. म्हणून आर्द्रता व तापमान मोजणारे दोन छोटे सेन्सर लावा: एक बाहेर, उन्हापासून झाकून, आणि एक कणांच्या हवेच्या वाटेतच. किंमत किरकोळ आहे आणि त्यांच्याशिवाय बाकीची मेहनत वाया जाते.

आता चाचण्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीतला एक संशय काढून टाकते.

पहिली शून्याची, आणि ती गुहागरलाच करा, कॉलेजात नाही. सेन्सरच्या तोंडाला हेपा फिल्टर (हवेतले जवळजवळ सगळे कण अडवणारा) घट्ट लावून दहा मिनिटं चालवा. आकडा शून्यावर यायला हवा आणि तिथेच राहायला हवा. मग ड्रोन वाळूच्या पोत्यांनी दाबून, सगळ्यांनी लांब उभं राहून, मोटरी चालू करा. फिल्टर असतानाही कण दिसू लागले तर एक तर सांध्यातून हवा शिरते, किंवा हादऱ्याने आतली धूळ सुटते, किंवा मोटरींच्या तारांचा विद्युत गोंगाट मोजणीत घुसतो. शेवटी तीच चाचणी सेन्सर उन्हात धरून करा. डबीच्या फटीतून डिटेक्टरवर ऊन पडलं तर तेही कण म्हणून मोजलं जातं. ही अर्ध्या तासाची चाचणी आहे आणि मी आजही प्रत्येक मोहिमेच्या सकाळी ती करते.

दुसरी चाचणी सगळ्यात मोलाची, आणि ती ड्रोनशिवायच होते. एकाच जातीचे दोन सेन्सर किनाऱ्याजवळच्या एखाद्या घराच्या पडवीत शेजारी-शेजारी ठेवून एक पूर्ण दिवस-रात्र चालवा. प्रत्येकाचा आकडा जास्त किंवा कमी दाखवण्याचा स्वतःचा कल किती हे त्यातून कळेल. एका जातीच्या दोन सेन्सरांतही दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी एकाच्या वाटेत सुकवणी घाला. बारीक स्टीलच्या जाळीची सरळ नळी आणि तिच्याभोवती सिलिका जेल भरलेला बाहेरचा पाइप, एवढी ती सोपी असते. कण मधून जातो, बाष्प जाळीतून जेलमध्ये जातं. नळी रुंद आणि आखूड ठेवा, नाहीतर सेन्सरच्या पंख्याला हवा ओढवणार नाही. मग ओल्या आणि सुक्या सेन्सरच्या आकड्यांचं गुणोत्तर आर्द्रतेच्या अक्षावर मांडा. एका दिवसात कोकणची हवा तुम्हाला ६० पासून ९५ टक्क्यांपर्यंत फिरवून आणते. त्यासाठी प्रयोगशाळेत महागडी पेटी लागते, इथे ती फुकट मिळते. त्या आलेखातून तुमच्या सेन्सरची तुमच्या किनाऱ्यावरची दुरुस्ती निघेल. कुठल्या तरी परदेशी शहरासाठी काढलेलं सूत्र उचलून लावण्यापेक्षा ही दहापट खरी असते. माझा स्वतःचा नियम असा की ८५ टक्क्यांच्या वर दुरुस्ती करूनही आकडा वजन म्हणून वापरायचा नाही, कारण तिथे आर्द्रतेतली एक-दोन टक्क्यांची चूकसुद्धा उत्तर फार हलवते.

सिलिका जेलबद्दल एक इशारा. आपल्याकडे ते बघता बघता भरतं. निळं जेल गुलाबी झालं किंवा नारिंगी जेल हिरवं झालं की ते संपलं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून परत वापरता येतं. पण रंगावर विसंबू नका, सुकवणीनंतरची आर्द्रता मोजा. एकदा वेंगुर्ल्याला आमची पूर्ण दुपारची नोंद यामुळे गेली: जेल एका बाजूने नारिंगी दिसत होतं आणि हवा दुसऱ्या बाजूने ओलीच जात होती.

सेन्सरला कण दिसतात की नाही हे पाहायला औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्के सलाइन आणि दवाखान्यातला नेब्युलायझर पुरतो. त्याचे थेंब साधारण ३ ते ५ मायक्रॉनचे. चार मायक्रॉनचा थेंब सुकला की सुमारे ०.६५ मायक्रॉनचा मिठाचा कण उरतो. मोठ्या झाकणाच्या पिंपात आधी फिल्टरमधून कोरडी हवा भरा, आत छोटा पंखा फिरता ठेवा, काही सेकंद फवारा द्या आणि दोन्ही सेन्सरांनी उतरती मोजणी एकसारखी दाखवली का ते बघा. फवारा जास्त झाला तर दोन कण एकाच वेळी झोतात येऊन एक मोठा कण मोजला जातो, म्हणून थोडाच द्या. याला कॅलिब्रेशन म्हणू नका. त्यासाठी ठरावीक मापाचे पॉलिस्टायरीनचे गोळे लागतात आणि एरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या कणांवर, काम करणाऱ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे त्याची सोय मागावी. तिथेही लक्षात असू द्या की त्या गोळ्यांचा अपवर्तनांक १.५९ असतो, कोरड्या मिठाचा १.५४ आणि पाण्याचा १.३३. म्हणजे गोळ्यांवर जुळवलेला सेन्सर ओला थेंब आहे त्याहून लहान समजतो.

एवढं झाल्यावर ड्रोन. चढताना आणि उतरताना वेगळे आकडे येतात याचं मुख्य कारण मला इथे दिसतं. चढताना सेन्सर नव्या, न ढवळलेल्या हवेत शिरतो. उतरताना ड्रोन आपल्याच पात्यांनी खाली ढकललेल्या हवेत बसतो, म्हणजे थोड्या वेळापूर्वीची वरची हवा पुन्हा मोजतो. म्हणून चढतानाचीच नोंद धरायची, सेकंदाला एक-दोन मीटरच्या वेगाने चढायचं आणि ठरलेल्या उंचींवर थांबत जायचं. सेन्सरचं तोंड पात्यांच्या वर, मधोमध, उभ्या नळीवर आणा. नळी साध्या प्लॅस्टिकची नको. तिच्यावर स्थिर विद्युत साठते आणि कण भिंतीला चिकटतात. स्टीलची, तांब्याची किंवा काळी विद्युतवाहक सिलिकॉनची घ्या, आखूड आणि शक्यतो वाक नसलेली.

वाऱ्याचा दाब लोक विसरतात. पंख्यावर चालणाऱ्या छोट्या सेन्सरची ओढ काही पास्कलांची, फार तर दोन आकडी असते. सेकंदाला ५ मीटरचा वारा समोरून आला तर तोंडावर १५ पास्कल दाब पडतो, १० मीटरला ६० पास्कल. म्हणजे हवा आत किती शिरणार हे पंख्याऐवजी वारा ठरवतो. मी पहिल्या वर्षी तोंड पुढे करून बसवलं होतं आणि ड्रोन वेगात गेला की कण वाढत होते. खाडीवरून धुराच्या पट्ट्याची कड सापडली असं समजून मी दोन दिवस नकाशे काढले. मग सेन्सरमधून किती हवा जाते त्या प्रवाहाची नोंद उघडली तेव्हा ती वेगाबरोबर जशीच्या तशी वरखाली होत होती. ते नकाशे टाकून द्यावे लागले आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तो दिवस परत मिळणार नव्हता. तुमचा सेन्सर प्रवाह नोंदवत असेल तर ती ओळ कणांच्या ओळीच्या आधी बघा. नसेल तर छोट्या पंपाचा सेन्सर घेण्याला खरा अर्थ आहे. महाग घ्यायचाच तर पैसे इथे घाला.

तोंडाचा आकार किती महत्त्वाचा हे कणावर अवलंबून आहे. सेकंदाला १० मीटर वेगाच्या हवेने अचानक वळण घेतलं तर १ मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीहून कमी अंतरात वळतो, पण १० मायक्रॉनचा कण सुमारे ३ मिलिमीटर सरळ जातो, म्हणजे तुमच्या नळीच्या तोंडाएवढाच. धुरासाठी याची फार चिंता नको. लाटांच्या फेसातून उडालेलं जाड मीठ आणि चिरेखाणीवरून येणारी जांभ्याची तांबडी धूळ मोजायची असेल तर मात्र ड्रोन स्थिर ठेवूनच मोजा.

ड्रोनवरचा सेन्सर खरं बोलतो का, याची माझी आवडती परीक्षा माडावर होते. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला विनंती करून एक सेन्सर पंधरा मीटर उंचीच्या माडाच्या शेंड्याखाली बांधून घ्यायचा आणि ड्रोन त्याच उंचीवर, वाऱ्याच्या बाजूने दहा-पंधरा मीटर लांब, दहा मिनिटं थांबवायचा. दोघांत फरक आला तर तो पात्यांचा आणि नळीचा. २००६ च्या मार्चमध्ये हवामानशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन यांच्या गटाने मालदीवच्या हनिमाधू बेटावरून तीन छोटी मानवरहित विमानं एकावर एक थरांत उडवून काजळी आणि कण मोजले, तेव्हाही विमानांवरची छोटी यंत्रं बेटावरच्या केंद्रातल्या मोठ्या यंत्रांशी ताडून पाहिली होती. आपल्याकडे केंद्र नाही तर माड आहे.

मोजणीचा वेळ हा शेवटचा तांत्रिक मुद्दा, आणि प्रकल्पांत हमखास दुर्लक्षिला जाणारा. समजा तुमचा सेन्सर मिनिटाला २८० मिलिलिटर हवा तपासतो, म्हणजे सेकंदाला साधारण ४.७ घनसेंटिमीटर. पाच मायक्रॉनच्या वरचे कण घनसेंटिमीटरला ०.१ असतील तर सेकंदाला अर्धा कणही हाती लागत नाही. दहा टक्क्यांच्या अचूकतेसाठी किमान शंभर कण मोजावे लागतात, म्हणजे एका उंचीवर साडेतीन मिनिटांहून जास्त. वीस मिनिटांच्या बॅटरीत अशा तीन-चार उंची होतात. दर सेकंदाची रेघ काढून तिच्यातल्या शिखरांना अर्थ देऊ नका. बारीक कणांसाठी दहा सेकंदांची सरासरी चालेल, जाड कणांसाठी नाही. हवेच्या दाबाची चिंता मात्र सोडा, १०० मीटरला तो एका टक्क्याच्या आसपासच उतरतो.

उड्डाणानंतर सेन्सर तसाच पिशवीत टाकू नका. आतल्या मिठाला रात्रभर ओल सुटते आणि पंख्याचं बेअरिंग व सर्किटची जोडणी गंजते. फिल्टर लावून अर्धा तास कोरडी हवा ओढवा, मग सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. परवानगीचंही बघा: ड्रोन नियम २०२१ नुसार नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. आपल्या किनाऱ्यावर बंदरं, प्रकल्प आणि तटरक्षक दलाची ठिकाणं बरीच आहेत, म्हणून दर वेळी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा आणि पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा.

तुमच्या हातात मे महिना आहे, आणि पाऊस लागला की हे सगळं चार महिने बंद. म्हणून या आठवड्यात शून्याची चाचणी आणि पडवीतली दोन दिवसांची जोडमोजणी उरका, माडाची परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि मगच १०० मीटर. एप्रिलच्या उड्डाणांची मूळ फाइल फेकू नका. चढतानाच्या आणि उतरतानाच्या नोंदी वेगळ्या करून, आर्द्रता मिळाली असेल तर तिच्यासकट, इथेच टाका. सकाळच्या ६२ मध्ये धूर किती होता हे मलाही जाणून घ्यायचंय. सहापासून नवापर्यंत दर अर्ध्या तासाला एक चढण अशी एखादी सकाळ तुमच्याकडे निघाली, तर खालचा थर मोडताना आकडा आधी उतरतो की आर्द्रता, हे त्यात दिसेल.